आश्लेषाबाई, हात खिशात!

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये आश्लेषाला ओळखत नाही असं मराठी घर शोधून दाखवा. कुणाची आई विमानतळावर अडकली, कुणाच्या इंडक्शनवर कुकर शिट्टी देईना, कुणाच्या मोदकांना कळ्या पडेनात, की फोन आश्लेषाला. बाई मूळची नागपूरची. त्यामुळे आवाज खणखणीत आणि वाढायचा हात सैल. नोकरी कसली, तर दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. दिवसभर पगार घेऊन चुका काढते आणि घरी आली की तेच काम नवऱ्यावर फुकटात करते. नवरा त्र्यंबक पुण्याचा. तो एकही चूक मान्य करत नाही. त्यामुळे संसारात कंटाळा म्हणून नाही.

आता ही बाई स्काउटमास्टर कशी झाली? तर एक प्रश्न विचारून.

झालं असं, की लेक इशिता सहावीत असताना शाळेतून आली आणि म्हणाली, "मॉम, आय वॉन्ट टू बी अ स्काउट." आश्लेषाला वाटलं, हे मुलग्यांचं प्रकरण. एके काळी होतंच. इंग्लंडात सुरू झालेली ही चळवळ अमेरिकेत आली, शंभरावर वर्षं मुलग्यांना गाठी मारायला शिकवत बसली आणि अगदी आत्ता आत्ता तिच्या लक्षात आलं, की मुलींनाही हात असतात. मग दारं उघडली. हल्ली तर नावातून 'बॉय' हा शब्दही काढून टाकलाय. तर मुलींचा नवा ट्रूप, म्हणजे पथक, काढायचं म्हणून एका मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये सभा होती. गाडीतून उतरता उतरता त्र्यंबकनं बजावलं, "हे बघ, या देशात व्हॉलंटियर लोकांच्या मीटिंगमध्ये तोंड बंद ठेवायचं. जो प्रश्न विचारतो, त्याच्याच गळ्यात काम पडतं."

"मी कशाला काय विचारत्येय?" आश्लेषा म्हणाली.

दहा मिनिटं कळ काढली हो बिचारीनं. मग हात वर. "मुलींच्या ट्रूपला एक तरी बाई लीडर लागेल ना? कोण आहे ती?"

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. पुढे उभे असलेले मिशाळ गृहस्थ इतके गोड हसले, की जावई पसंत पडलेल्या सासऱ्यानंही हसू नये. "थँक यू सो मच, मिस आश्लेषा!"

मागच्या रांगेत त्र्यंबकनं डोळे मिटले आणि एवढंच म्हणाला, "गेली."

मग ट्रेनिंग. तिथे आश्लेषाला सांगितलं, की तंबू, गाठी, होकायंत्र हे सगळं निमित्त आहे. पोरगी सरळ मनाची व्हावी, अंगानं काटक व्हावी, गावाच्या उपयोगी पडावी आणि चार जणींना सांभाळून पुढे नेता यावं, यासाठी हा खटाटोप. ऐकून आश्लेषा खूश. म्हणजे आपलेच संस्कार, फक्त खाकी शर्ट घालून. पण पुढचं वाक्य तिनं दोनदा विचारून घेतलं. हे सगळं मोठ्यांनी करायचं नाही म्हणे! मुलींनी आपापल्यातून पुढारी निवडायची. मेन्यू मुलींनी ठरवायचा, सामान मुलींनी आणायचं, शिजवायचं त्यांनी, करपवायचं त्यांनी आणि करपलेलं खायचंही त्यांनीच. मोठ्यांनी जरा लांब खुर्ची टाकायची, कॉफी प्यायची आणि हात खिशात ठेवायचे. कुणाला लागलं, खुपलं, धोका दिसला तरच उठायचं.

सांगा आता! जी बाई दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून जाते आणि आमटीला फोडणी देऊन येते, तिला हात खिशात ठेवायला सांगितले. त्र्यंबकनं मात्र हे काम पहिल्याच दिवशी आत्मसात केलं. कॅम्पला दोन मोठी माणसं लागतातच, म्हणून तोही लीडर. खुर्ची टाकून दुपारी डोळे मिटायचे, हे ज्या संस्थेच्या नियमात बसतं त्या संस्थेबद्दल पुण्याच्या माणसाला आदर वाटणारच. त्यानं बायकोला वाढदिवसाला खोल खिशांची कॅम्पिंगची पँट घेतली. "कोपरापर्यंत जातात," म्हणाला.

पण ट्रूप वाढवावा तो आश्लेषानंच. तिची पद्धत ट्रेनिंगच्या कुठल्या पुस्तकात नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका स्टीलच्या वाट्या लुटतात, प्लास्टिकचे डबे लुटतात. आश्लेषानं शिट्ट्या लुटल्या. केशरी, गळ्यात दोरी घालायच्या.

विनीता नावाची एक नवीन बाई आली होती, मुंबईची, नटूनथटून. ती शिट्टीकडे बघतच राहिली. "अगं, वाण म्हणून शिट्टी?"

"जंगलात हरवलीस तर वाजवायची."

"मी कशाला जंगलात जात्येय? मी कॉस्टकोच्या दुकानात हरवते."

"मग तिथे वाजव. तुझ्या राजीवला सापडशील."

झालं. शिट्ट्या घरोघर गेल्या आणि पोरींच्या हाती लागल्या. विनीताच्या रीमानं, वय वर्षं अकरा, ती आठवडाभर वाजवली. राजीवच्या ऑफिस कॉलमध्ये वाजवली, आजीच्या व्हिडिओ कॉलमध्ये वाजवली. शेवटी विनीता शिट्टी आणि पोरगी दोन्ही घेऊन मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये हजर. येताना प्रश्नही घेऊन आली. सिलॅबस काय? होमवर्क असतो का? आणि तो सगळ्यात वरचा ईगलचा हुद्दा किती महिन्यांत मिळतो, कॉलेजच्या ॲप्लिकेशनला चांगला दिसतो म्हणे?

"आधी तिला बुटाची नाडी बांधू दे," आश्लेषा म्हणाली, "मग गरुड उडवू."

कारण नाडी विनीता बांधत होती. भर हॉलमध्ये, वाकून. अकरा वर्षांच्या घोडीची!

मार्चमध्ये घोटाळा झाला. ट्रूपमधल्या एका मुलीच्या बाबांना फ्रिस्कोला नोकरी लागली आणि ते बिऱ्हाड टेक्सासला गेलं. उरल्या पाच. इशिता, तिच्या वर्गातली आन्या, दोन अमेरिकन मैत्रिणी आणि पाचवी रीमा. आणि ट्रूप म्हणून उभं राहायला कमीत कमी पाच लागतात. मे महिन्यात नोंदणीचं रिन्यूअल. चार झाल्या की ट्रूप बंद आणि या पोरी त्याच हॉलमध्ये भरणाऱ्या मुलग्यांच्या ट्रूपला शेपटासारख्या जोडल्या जाणार. इशिता नुकतीच निवडून येऊन सीनियर पट्रोल लीडर, म्हणजे पोरींची पुढारी, झालेली. ती म्हणाली, "नो वे! ते लोक सॉक्स धूत नाहीत."

म्हणजे सगळा ट्रूप टांगलेला रीमावर, आणि रीमा टांगलेली आईच्या पदराला. विनीतानं अट घातली. "एक कॅम्प करून बघू. माझी लेक दोन दिवस उपाशी राहिली तर मात्र नाव काढून घेईन हां."

एप्रिलमध्ये कॅम्प ठरला. तळ्याकाठचं स्टेट पार्क, शनिवार सकाळ ते रविवार दुपार. पाइनच्या झाडांचा पिवळा पोलन, म्हणजे पराग, उधळलेला, गाड्यांवर, टेबलांवर, माणसांच्या भुवयांवर, जणू कुणी हळदीचं पोतं फोडलंय. निघताना चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये आश्लेषानं आयांना गोल उभं केलं आणि दरवेळचं भाषण ठोकलं. घरचं खाणं द्यायचं नाही. तंबूत बिस्किटाचा तुकडाही चालणार नाही. वास येणारं सगळं, अगदी टूथपेस्टसुद्धा, एका पिशवीत घालून झाडाला उंच टांगायचं. "आपलं शिंकाळंच समजा," ती म्हणाली, "फक्त मांजराच्या जागी अस्वल."

आया हसल्या, माना डोलावल्या. सगळ्या पांगल्यावर विनीता गाडीमागे आली. ओढणीखाली प्लास्टिकचा डबा.

"आश्लेषा, दाण्याचे लाडू आहेत. नि थोडा पोह्यांचा चिवडा. ती दुसरं काही खात नाही गं बाहेर."

"विनीता, आत्ता मी काय बोलले?"

"ऐकलं ना मी. म्हणून तिला दिलं नाही, तुला देत्येय. भुकेनं रडली तरच काढ. नाही तर मला झोप लागायची नाही, आणि मग मी उद्या सकाळीच येऊन तिला घेऊन जाईन बघ."

खरं तर इथेच नाही म्हणायचं होतं. पण आश्लेषाच्या डोळ्यांपुढे पाचाची चार झालेली दिसली. आणि खरं सांगायचं तर दाण्याच्या लाडवाचा वासही आला. डबा तिच्या स्लीपिंग बॅगमध्ये गेला. वर 'रीमा' असं विनीताच्या सुबक अक्षरात लिहिलेली चिकटपट्टी.

कॅम्पवर आश्लेषा खुर्चीत बसली खरी, पण जीव कुठला थाऱ्यावर! पोरी तंबू उलटा लावतायत, दिसतंय. हात खिशात. आन्या खुंटी सरळच ठोकतेय, तिरकी ठोकायची असते, दिसतंय. हात खिशात.

"पँट फाटेल," त्र्यंबक डोळे न उघडता म्हणाला.

"रीमानं सँडविचमधली काकडी तेवढी खाल्ली. बघितलंस?"

"काकडी पौष्टिक असते."

"भुकेली राहिली तर?"

"तर संध्याकाळी जेवेल. आपण लहानपणी काय करत होतो?"

दुपारी सगळ्या तळ्याभोवती फिरायला गेल्या. दोन लीडरही त्यांच्या मागून. रीमाच्या बुटाची नाडी सुटली. आश्लेषा वाकणार, एवढ्यात तिनं पाहिलं, की पोरगी स्वतःच दगडावर बसली आणि बांधली. गाठ कसली, गुंताच होता तो. पण सुटला नाही. आश्लेषाला एवढा आनंद झाला, की तिनं त्र्यंबकला चिमटा काढला.

परत आल्या आणि बघतात तो काय! लीडरांच्या तंबूला खालच्या कोपऱ्यात वाटीएवढं भोक. आणि त्यातून एक खार बाहेर आली. गाल फुगलेले, हातात लाडवाचा तुकडा, चेहरा असा की जेवण झालंय, आता विडा आणा. तिच्यामागून दुसरी. पिवळ्या पोलनवर तंबूपासून झाडापर्यंत इवल्या पावलांचा रस्ता पडलेला आणि त्या रस्त्यावर चिवड्याची रांगोळी.

इशितानं झिप उघडली, आत हात घातला आणि डबा बाहेर काढला. झाकण कुरतडलेलं. त्यावर अर्धवट चघळलेली पट्टी, तरी नाव वाचता येत होतं.

"मिस आश्लेषा," इशिता म्हणाली. अमेरिकेच्या दक्षिणेत मुलं मोठ्यांना असंच म्हणतात, पण पोटच्या पोरीनं म्हटलं की कानाखाली बसल्यासारखं वाटतं. "सीरियसली?"

नागपूरचा खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. "ते... म्हणजे... इमर्जन्सीसाठी..."

"लाडूंची इमर्जन्सी?" आन्यानं विचारलं. त्र्यंबकला खोकल्याची उबळ आली.

पण रीमा हसली नाही. ती त्या पट्टीकडे बघत होती. "काकू, हा माझ्या आईचा डबा आहे." तिनं पट्टीवर बोट ठेवलं. "तुम्हाला पण वाटलं, की मला जमणार नाही? यू ऑल थिंक आय ॲम अ बेबी. आय वॉन्ट टू गो होम."

तरातरा चालत ती जाऊन पार टोकाच्या टेबलावर बसली, पाठ करून. आणि आश्लेषाच्या लक्षात आलं, की ज्या पोरीला टिकवायला हा डबा आणला, तीच या डब्यापायी चालली. कळवळून ती तिकडे निघाली. इशितानं हात आडवा केला.

"नो, मॉम. माय जॉब."

आश्लेषानं हात खिशात घातले. कोपरापर्यंत.

पोरींनी गोल करून मीटिंग घेतली. रीमालाही ओढून नेलं. काय बोलल्या ते ऐकू येईना. मधेच कुणीतरी खिदळलं, मग रीमाची मान वळून इकडे झाली. मग सगळ्याच इकडे बघायला लागल्या. आश्लेषाला दहावीच्या निकालाची आठवण झाली.

इशिता निकाल घेऊन आली. "ठरलंय. रीमा म्हणते, ती आत्ता कॉल करणार नाही. आधी डिनर ती करणार. खिचडी. हेड कुक. मग डिसाइड करेल. आणि तुला कॉन्सिक्वेन्स आहे. एक, सगळी भांडी तू घासायची."

"घासते." आश्लेषाला हायसं वाटलं. भांडी काय, त्यात कसली शिक्षा.

"दोन. रीमा जे वाढेल ते खायचं. आणि एकही मिस्टेक काढायची नाही. नॉट वन वर्ड. फेससुद्धा करायचा नाही."

त्र्यंबकनं आता मात्र दोन्ही डोळे उघडले. "अरे बापरे," म्हणाला, "हे फार झालं. जन्मठेप दिली असती तर परवडलं असतं."

आणि मग ती खिचडी झाली. आश्लेषा लांबून बघत होती. रीमानं तांदूळ-डाळ एकदाच धुतली, दुसऱ्यांदा नाही. मोहरी तडतडायच्या आधी पाणी ओतलं. झाकण दर मिनिटाला उघडून बघत होती. मधे धूर आला, तशी तिनं गॅस लहान केला, पण ढवळलं नाही. आश्लेषाच्या खिशातल्या मुठी आवळत होत्या, सुटत होत्या. मिठाचा डबा टेबलावर होता तसाच, पिवळा पोलन खात, कुणी हात लावला नाही त्याला.

उजेड होता तोवर ताटं वाढली. पहिलं ताट आश्लेषाला. पाची पोरी तिच्या तोंडाकडे बघत उभ्या.

तिनं घास घेतला. खालची करपलेली, वरची कच्ची आणि मधली अळणी. एका भांड्यात तीन प्रकारची खिचडी करणं सोपं नाही हो. आश्लेषा चावत राहिली. चेहरा असा ठेवला, जसा वरपक्षाकडचं काही आवडलं नाही की वधूची आई ठेवते. गिळलं. दुसरा घास घेतला.

रीमानं डाव उचलला. "काकू, थोडी अजून."

"नको गं, पोट..."

"असं कसं? एवढीशी घेतलीत. माझ्यासाठी!" हुबेहूब विनीता. तोच सूर, तशीच मान तिरकी. आणि धबक करून ताटात डोंगर.

आता पोरींना हसू आवरेना. त्र्यंबक म्हणाला, "रीमा बेटा, मला पण दे." तर तेही मनापासून. पुण्याच्या माणसाला दुसऱ्याच्या फजितीबरोबर काहीही गोड लागतं. मग रीमानं स्वतःचं ताट भरलं, घास घेतला, थांबली. "इट नीड्स सॉल्ट," ती गंभीरपणे म्हणाली आणि सगळं ताट संपवलं. वर करपलेली खरवड खरवडून तीही खाल्ली.

आश्लेषानं भांडी घासली. ते करपलेलं पातेलं घासताना ती गाणं गुणगुणत होती, असं त्र्यंबक शपथेवर सांगतो.

रविवारी विनीता ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी कॅम्पवर येऊन थडकली. गाडीतून उतरली ती थेट आश्लेषाकडे, आवाज खाली आणून. "रडली? डबा काढलास?"

स्काउटच्या प्रतिज्ञेनंतर म्हणायच्या नियमांत पहिलाच शब्द आहे 'भरवशाचा'. आश्लेषानं घसा साफ केला. "विनीता, तुझे लाडू खारींनी खाल्ले. मी तंबूत लपवले होते. पोरींनी मला पकडलं आणि रीमा चिडली. तुझ्यावर नाही, माझ्यावर. मी डबा घ्यायलाच नको होता."

विनीतानं विचारलं, "सगळे खाल्ले?"

"सगळे."

"शेंगदाणे मी जळगावहून मागवले होते गं." मग ओढणी सावरत, "त्यांना आवडले तरी ना?"

"एक तर बोटं चाटत होती."

विनीताला हसू यायला लागलं होतं, पण तेवढ्यात तिला आठवलं. "म्हणजे रीमा दोन दिवस उपाशी? हे बघ आश्लेषा, मी आधीच सांगितलं होतं..."

"आई!" रीमा धावत आली. भुवया पिवळ्या, गुडघे काळे, बुटाला गाठींचा गुंता. हातात तोच कुरतडलेला डबा, बर्फाच्या पेटीतून काढलेला, थंडगार. "हे घे. मी केलंय. तुझ्यासाठी ठेवलं."

विनीतानं झाकण उघडलं. पार्किंग लॉटमध्ये उभ्या उभ्या, डब्यातल्याच चमच्यानं घास घेतला. पाची पोरी परत रांगेत उभ्या. विनीतानं चावलं. भुवई वर गेली. तोंड उघडलं, "यात मी..."

मागून आश्लेषानं इतक्या जोरात मान हलवली, की कानातले वाजले. विनीतानं तोंड मिटलं. गिळलं. लेकीकडे बघितलं, मग खाली तिच्या बुटांकडे. नाडीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. "नाडी कोणी बांधली?"

"मी."

विनीतानं दुसरा घास घेतला. डोळ्यांत पोलन गेला असावा, ओढणीनं टिपला.

"आई, नेक्स्ट मंथ कनूइंग आहे," रीमा म्हणाली. "मी येणार आहे. आय ऑलरेडी टोल्ड इशिता. मी परत कुक आहे."

आश्लेषानं इशिताकडे बघितलं. इशितानं पाच बोटं वर केली आणि पटकन खाली घेतली.

"तळ्यात होडी? आणि परत हीच कुक?" विनीता अख्ख्या पार्किंग लॉटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "अहो, मग पुढच्या वेळी या पोरींबरोबर आणखी एखादी बाई नको का? कोण येणार आहे?"

टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पाची पोरींच्या माना वळल्या. आश्लेषाचे हात आपोआप खिशातून बाहेर आले आणि गाडीच्या डिकीकडे गेले. तिथे एक जादा खाकी शर्ट कायम इस्त्री करून ठेवलेला असतो.

त्र्यंबक खुर्ची घडी करत होता. त्यानं डोळे मिटले.

"गेली," म्हणाला.